पुराची रेघ

पंचगंगेचा पूर ओसरला की घाटावर एक रेघ उरते. पायऱ्यांवरच्या दगडी देवळांवर, दीपमाळांवर, नदीकाठच्या घरांच्या गिलाव्यावर, सगळीकडे एकाच उंचीला. गवंड्यानं पाण्याची नळी लावून मारावी तशी. तिच्या खाली गाळाचा तपकिरी-राखी थर आणि वर पावसानं धुतलेला काळा दगड. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर धोका, हे आकडे कोल्हापुरात लहान पोरांनाही पाठ असतात. पावसाळ्यात दोन माणसं भेटली की आधी ‘किती फूट?’ हे विचारतात. पाणी उतरल्यावर मात्र त्या रेघेकडे कुणी बघत नाही. ती धुऊन टाकायची असते. पाइप लावून, खराट्यानं घासून भिंती पुन्हा आपल्याशा केल्या जातात, आणि कोपऱ्यात, वळचणीखाली, हात पोचत नाही अशा ठिकाणी ती तेवढी राहून जाते.

कला महाविद्यालयात आल्यापासून मी ही रेघ करते आहे. आधी जलरंगात, मग मातीत, मग जस्ताच्या पत्र्यावर, आणि सध्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत, वाळूच्या साच्यात. माझा विभाग चित्रकलेचा आहे. त्यामुळे घरी आलेला प्रत्येक पाहुणा आणि जवळपास प्रत्येक शिक्षक एक प्रश्न विचारतोच: तू नक्की कशातली? एक काहीतरी धर, त्यात हात बसू दे. हा सल्ला मायेनंच दिलेला असतो आणि त्यात तथ्यही आहे. हात बसायला वर्षं लागतात. तरीही तो मला पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगायला हवं.

सुरुवात जलरंगापासून करते, कारण कोल्हापुरात सगळ्यांची सुरुवात तिथूनच होते. सकाळच्या तिरप्या उन्हात पाठीला बोर्ड लावून घाटावर, रंकाळ्यावर, पन्हाळ्याला लँडस्केपला जाणं हा इथल्या विद्यार्थ्यांचा नित्यनेम आहे. काळा दगड काळ्या रंगानं रंगवायचा नाही, त्यात निळा आणि जांभळा शोधायचा, हे पहिल्याच महिन्यात कानावर पडतं. पांढरा रंग वापरायचा नाही, कागदाचा पांढरा राखायचा, म्हणजे उजेड कुठे असेल ते चित्र सुरू होण्याआधीच ठरवायचं. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला थर, टाकला की कागदावरची चमक जाईपर्यंत तुमच्याकडे वेळ असतो. चमक गेली की हात मागे घ्यायचा.

पावसाळ्यात ही चमक जाता जात नाही. हवाच इतकी ओली असते की वॉश तासन्‌तास उघडा राहतो. अशा अर्धवट ओल्या वॉशमध्ये पाण्याचा एक थेंब पडला तर तो आधीच्या रंगाला बाहेर ढकलत नेतो आणि जिथे थांबतो तिथे रंगकणांची दातेरी, गडद कड सोडतो. शिक्षक तिला डाग म्हणतात. परीक्षेच्या कामात असा डाग पडला तर गुण जातात. मी देवळाची भिंत रंगवत होते, आणि भिंतीवरची रेघ आणि कागदावरची ती कड एकाच वेळी माझ्यासमोर होत्या. दोन्हीकडे एकच गोष्ट घडली होती: पाण्यानं बारीक कण वाहून आणले, जिथवर जाता आलं तिथवर नेले आणि सुकताना तिथेच ठेवले. तिथे रेघेचं चित्र काढावं लागत नव्हतं. कागदावर छोटा पूर येऊ द्यायचा आणि ओसरू द्यायचा, एवढंच करायचं होतं. त्यानंतर मी तो डाग मुद्दाम आणायला शिकले: बोर्ड किती तिरका धरायचा, कुठला रंग दाणेदार बसतो, किती सुकल्यावर पाणी सोडायचं.

माध्यम बदललं की त्याच विचाराला नुसता वेगळा कपडा चढतो, असं मानायची सवय आपल्याला लागली आहे. माझा अनुभव वेगळा आहे. प्रत्येक माध्यमाचा स्वतःचा वेळ असतो आणि त्या वेळात मावेल तेवढंच ते दाखवतं. जलरंगानं मला पाणी कसं थांबतं ते दाखवलं. गाळाला वजन असतं, तो पायाला खाली ओढतो, हे त्याला कधीच सांगता आलं नसतं.

टाउन हॉल म्युझियममध्ये अबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८८०च्या दशकात शिकून हा माणूस कोल्हापूरला परतला, शाहू महाराजांच्या आश्रयानं राहिला आणि कोटितीर्थ तळ्याच्या काठानं चित्रं काढत गेला. त्यांची निसर्गचित्रं आकारानं लहान आहेत. त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर एकाच तळ्याकडे, एकाच झाडोऱ्याकडे माणसाला आयुष्यभर बघता येतं याचा धीर येतो. ‘एक काहीतरी धर’ याचा खरा अर्थ मला तिथे कळतो: एक विषय धरायचा. हत्यारांबद्दल तिथे काहीच म्हटलेलं नाही.

त्याच इमारतीत, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली काशाची छोटी मूर्ती आहे: पोसायडन, भूमध्य समुद्राकाठच्या लोकांचा सागरदेव. १९४०च्या दशकात ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीतून वर आली. सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी चाललेल्या व्यापारातून ती इथे पोचली होती. समुद्राचा देव नदीकाठच्या मातीत शेकडो वर्षं पडून राहिला, आणि ज्या पुरांची माझ्याकडे फक्त एक रेघ आहे, तसे कितीतरी पूर त्याच्या अवतीभोवती येऊन गेले असतील. कधीकाळी कुणीतरी ओतलेला धातू अजून तसाच आहे. धातूकडे जायचं मनात आलं ते बहुधा त्या काचेसमोर.

पण आधी माती. बापट कॅम्पातल्या कुंभारांकडे श्रावणाच्या आसपास पाय ठेवायला जागा नसते. गणपती रांगेनं उभे असतात, कुणी हात जोडतंय, कुणी सोंड गुळगुळीत करतंय, आणि डोळ्यांची आखणी करणारा माणूस वेगळा बसलेला असतो, त्याच्याशी कुणी बोलत नाही. मी तिथे शाडू आणायला जात असे. आमच्या कामासाठी लोखंडी सळ्यांचा सांगाडा करून त्यावर माती चढवायची आणि रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. माती वाट बघते. आज घातलेला लगदा उद्या काढता येतो, परवा पुन्हा घालता येतो. जलरंगात चमक जाईपर्यंतचा वेळ होता. इथे फडकं ओलं ठेवलं की वेळ आपल्या हातात. पुराचा गाळ चाळून शाडूत मिसळला आणि देवळाच्या भिंतीवर थापून तिचे ठसे घेतले तेव्हा पहिल्यांदा मला रेघेची जाडी कळली. गाळ भिंतीवर थरांनी बसतो. पूर एकदा येऊन जात नाही. तो चढतो, थांबतो, थोडा उतरतो, पुन्हा चढतो. रेघ एक दिसते, पण हाताला ती अनेक लागतात.

मातीवरून प्लास्टरचा साचा घेताना एक सुंदर रीत आहे. पहिल्या थरात नीळ मिसळतात आणि बाहेरचे जाड थर पांढरेच ठेवतात. साच्यात प्लास्टर ओतून झालं की छिन्नीनं साचा फोडत आत जायचं, आणि निळा रंग दिसला की हात हलका करायचा, कारण त्या पलीकडे आपलं काम आहे. कालवलेलं प्लास्टर घट्ट होताना हाताला गरम लागतं आणि दहा-पंधरा मिनिटांत विषय संपतो. मातीनं दिलेली सगळी सवड प्लास्टर एका झटक्यात परत घेतं. दोन्ही लागतात. मातीत वाट्टेल तितका वेळ राहिलेलं काम बघताना मला नेहमी वाटतं, याला आता कुणीतरी ‘बस’ म्हणायला हवं.

बाबूराव पेंटर या माणसाबद्दल मी पुन्हा पुन्हा वाचते. १८९०चा जन्म, मेस्त्री कारागिरांचं घर. चुलतभाऊ आनंदराव आणि ते मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. पडदा म्हणजे राजवाडा, जंगल, रस्ता, आणि तो शेवटच्या रांगेतल्या माणसाला खरा वाटला पाहिजे. मग दोघांना सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही आणि १९१८ साली कोल्हापुरात, इथल्याच कारखान्यातल्या हत्यारांनी, आपला कॅमेरा तयार केला. त्यावर ‘सैरंध्री’ निघाला, १९२० साली पुण्यात लागला. १९२५चा ‘सावकारी पाश’ आजही भारतीय वास्तववादी सिनेमाच्या इतिहासात पहिल्या ओळीत असतो. दामले, फत्तेलाल, शांताराम त्यांच्या हाताखाली तयार झाले. आणि त्याच माणसाची तैलचित्रं आहेत, शिल्पं आहेत, सिनेमाची पोस्टरंही. त्यांना ‘तुम्ही नक्की कशातले?’ असं कुणी विचारलं असेल का? मला शंका आहे. कारागिराच्या घरात लाकूड, लोखंड, रंग, चुना हे वेगवेगळे विषय नसतात. समोर आलेलं काम असतं, आणि ते जे मागेल ते शिकावं लागतं. विषयांच्या भिंती नंतर वेळापत्रकानं बांधल्या. कावळा नाक्यावर रवींद्र मेस्त्रींनी घडवलेला ताराराणीचा पुतळा उभा आहे, घोड्याचे पुढचे पाय हवेत. तो भार मागच्या पायांवर तोलायला शिल्पकाराइतकाच लोखंडाची ताकद ओळखणारा माणूस लागतो, आणि कोल्हापुरात हे दोघे बऱ्याचदा एकाच अंगात राहिले.

बाबूरावांमुळेच मी एका पावसाळ्यात घाटाच्या वरच्या अंगाला, सुरक्षित जागी, तिपाईवर फोन लावून पाणी चढताना चित्रित करत बसले. पायरी जाते कशी ते दिसत नाही. आपण बघत असतो, बघत असतो, आणि मग ती नसते. कॅमेरा फक्त साक्ष देतो. त्याच्या वेळेवर माझी सत्ता नाही आणि म्हणून त्या चित्रणावर माझा विश्वास बसतो.

टॅबलेटचं मात्र जमलं नाही. रंगसंगती पटापट ताडून बघायला तो उपयोगी आहे आणि पोट भरायला पुढे लागेलच, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिथे रेघ वेगळ्या लेयरवर असते. बोटानं ती वर सरकवता येते, खाली आणता येते, पुसता येते, आणि पुसल्याची खूणही राहत नाही. हवी तिथे हलवता येणारी रेघ पुराची असू शकत नाही. माझ्या विषयापुरतं तरी ते माध्यम खोटं बोलतं.

याच्या अगदी उलट टोकाला एचिंग. जस्ताच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवायची, पत्रा खालून तापवून ती चिकटवायची आणि पत्रा पाणी घातलेल्या नायट्रिक ॲसिडमध्ये सोडायचा. ॲसिड दाण्यांच्या मधली जागा खातं. जितकं जास्त खाईल तितकी छपाई गडद. मी पत्रा एकदम बुडवला नाही. उभा धरून थोडा थोडा खाली सोडत गेले, मध्ये थांबत, पिसानं बुडबुडे हलवत. तळाचा भाग सगळ्यात जास्त वेळ आत राहिला, वरचा सगळ्यात कमी. प्रेसमधून ओला कागद निघाला तेव्हा त्यावर एकावर एक पट्टे होते, तळाशी जवळजवळ काळे आणि वर फिके होत गेलेले, आणि प्रत्येक पट्ट्याच्या कडेला पातळी थांबल्याची खूण. नदीनं भिंतीवर जे केलं होतं तेच पत्र्यावर झालं होतं. मातीच्या ठशांनी आधी ती थरांची गोष्ट सांगितली नसती तर पत्रा असा थांबत थांबत सोडायचं मला सुचलंच नसतं. एका माध्यमात मिळालेलं उत्तर दुसऱ्या माध्यमात प्रश्न होऊन जातं, आणि ही साखळी एकाच खोलीत बसून लागत नाही.

केशवराव भोसले नाट्यगृहावरून जाताना आता वेगळं वाटतं. १९१५ सालची ही वास्तू, शाहू महाराजांनी उभी केलेली. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री तिला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच गेला, छप्पर गेलं. त्या दिवशी रस्त्यावर उभी राहून रडणारी म्हातारी माणसं मी पाहिली. आगीला पातळी नसते; पाणी निदान आपली पातळी लिहून जातं.

उद्यमनगरात जायचं तर कानाची तयारी ठेवावी लागते. लेथ, ग्राइंडर, हातोडे, टेम्पोचे हॉर्न, आणि या सगळ्यांत चहाची किटली घेऊन फिरणारा पोरगा. इथल्या छोट्या शेडमधून पंपांचे, इंजिनांचे भाग देशभर जातात. मी जिथे जाते तिथले पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचे लाकडी नमुने, करणारे मामा साठीच्या पुढचे आहेत. सागवानाचा एक तुकडा हातात घेऊन, डोळा बारीक करून ते जसं बघतात तसं आमच्याकडे कुणी मॉडेलकडे बघत नाही. त्यांच्या पेटीत एक पट्टी आहे. तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा, कारण धातू थंड होताना आकसतो. ॲल्युमिनियम शंभरात साधारण सव्वा भाग. म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा करायचा. लोखंडाची पट्टी वेगळी, ॲल्युमिनियमची वेगळी. वस्तू निवल्यावर किती उरेल ते मोजमापातच धरून ठेवणारी ती पट्टी मी कितीतरी वेळ हातात घेऊन बसले.

देवळाच्या भिंतीचा मातीचा ठसा मी त्यांना दाखवला. त्यांनी तो उजेडाकडे तिरका धरला आणि बोट एका खोबणीत घातलं.

‘‘ह्यो खड्डा बघ. आत रुंद, वर चिंचोळा. वाळू हितं धरणार. पॅटर्न उचलला की साचा घिऊनच वर येतंय. न्हाई सुटायचं हे, पोरी.’’

‘‘मग खड्डे बुजवायचे, मामा?’’

‘‘बुजवलंस तर मग दगडाचं काय ऱ्हायलं?’’

हे वाक्य मी वर्गात कुणाकडून ऐकलं असतं तर वहीत लिहून ठेवलं असतं. मामा लगेच कामाला लागले. ओल्या वाळूच्या साच्यात प्रत्येक बाजूला उतार लागतो, नाहीतर पॅटर्न निघत नाही. शेकडो नग एकसारखे काढायचे तर ते बरोबर आहे. पण सोडियम सिलिकेट मिसळलेली वाळू आपल्या मातीभोवती ठोकली आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड सोडला तर साचा दगडासारखा कडक होतो. मग पॅटर्न उचलायचाच नाही. आतली माती कोरून काढायची, खोबणीखोबणीतून, आणि साचा जागेवरच राहतो.

‘‘पर एकच निघंल. माती गेली की संपलं. दुसरा नग न्हाई.’’

मला एकच हवा होता. ज्यांचं सगळं आयुष्य एकासारखा दुसरा काढण्यात गेलं त्यांना हे मी सांगितलं, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि जाडी विचारली. आठ मिलिमीटरच्या खाली ते जायला तयार नाहीत. इतक्या मोठ्या पसरट आकारात धातू मध्येच थिजेल म्हणतात. साच्यात मातीचा अंशही ओला राहता कामा नये, त्यामुळे तो टॉर्चनं भाजून काढायचा आहे. पाणी आणि वितळलेला धातू एकत्र आले तर काय होतं ते त्यांच्या मनगटावर दिसतं.

आमचं अडलं आहे ते राइझरवर. धातू आकसताना वरून भर घालायला साच्यात सगळ्यात उंच जागी एक उभा नळ ठेवतात; त्यात चढलेला धातू थंड झाला की करवतीनं कापून पुन्हा भट्टीत टाकतात. माझ्या कामात ही जागा रेघेच्या बरोबर वर येते. ओतलेला धातू जिथवर चढून थांबला ती त्याची स्वतःची पातळी असेल, आणि ती मला कापायची नाही. मामांच्या मते न कापलेला राइझर म्हणजे अर्धवट सोडलेलं काम. असा नग शेडबाहेर गेला तर लोक त्यांचं नाव घेतील. मी त्यांना एचिंगचे पट्टे दाखवले, जलरंगातले डाग दाखवले. ते बघून ते म्हणाले, राइझर ठेवायचाच असला तर त्याचा माथा तरी घासून सपाट करू. मला तो खडबडीत, थिजताना खाली दबलेला, तसाच हवा आहे. पंपाच्या केसिंगची ऑर्डर संपली की मुशीत माझं ॲल्युमिनियम चढणार आहे, आणि त्याआधी हे ठरायला हवं. उद्या मी त्यांना घाटावर घेऊन जाणार आहे.